रोजंदारीवरची आत्या

माझ्या पत्रकांना आजवर एकही मालक घाबरलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. 'जुलमी', 'रक्तपिपासू', 'श्रमाची उघड लूट' असले शब्द मी ठळक टायपात छापून वाटले. मालकांनी ते वाचले, त्यावर भजी ठेवून खाल्ली, आणि एकानं तर माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनानं सुधारून पत्रक परत पाठवलं. पण मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं हायवेला लागून एक डाळमिल आहे, तिथला सावकार एका बाईला इतका घाबरायचा की तिचा आवाज आला की स्वतःच्याच घरात मोरीला आतून कडी लावून बसायचा. त्या बाईला वाचता येत नव्हतं. तिचं नाव निंगाक्का.

मी मूळची उदगीरची. बीदरला कामगार संघटनेच्या ऑफिसात लागले तेव्हा मला कानडी चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. पहिल्यांदा त्या मिलच्या गेटवर उतरले, तर डाळ निवडणाऱ्या बायकांतली एक धिप्पाड म्हातारी मला बघून मागं वळून ओरडली, "तंगी आली गं, तंगी आली."

मला राग आला. मी तंगी घालवायला आले होते, आणि इथं माझंच नाव तंगी पडलं. मग एकीनं समजावलं की कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी ओशाळून हसले. म्हातारी सूप पाखडत म्हणाली, "आमच्यात तंगी रोजच येतीय. ह्या येळंला चप्पल घालून आली, एवढाच फरक."

ही निंगाक्का. तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर एक होतं, रेशन कार्डावर दुसरं, आणि ती म्हणायची की गुडघ्याचं तिसरं हाय, तेच खरं. तिच्या चष्म्याला एकच काच होती. दुसरी कामून बसवत न्हाईस, असं विचारलं की म्हणायची, "त्या डोळ्याला दिसतंय की. त्याला कशाला उगं सवय लावायची." कान मात्र असे तिखट की चाळणीत तूर पडताना मधेच खडा वाजला तर ती न बघता सांगायची, "खडा."

खड्यांना ती नावं द्यायची. सुपातून एकेक उचलून बाजूला टाकत जायची: हा दिवाणजी, हा दिवाणजीचा मेव्हणा, हा बसचा कंडक्टर, काल सुट्टे देईना झालता. मोठा काळा खडा आला की तो वेगळ्या डब्यात. "हा सावकार. ह्याला गोणीत जाऊ द्यायचं न्हाई, कुणाचा तरी दात पडंल." त्या डब्यात निदान दीडशे सावकार असतील.

भेटेल त्याला जेवलास का म्हणून विचारायची ही तिची दुसरी खोड. गेटवर चौकशीला आलेल्या पोलिसाला तिनं विचारलं, वीज तोडायला आलेल्या लाइनमनला विचारलं. एकदा तिच्या फोनवर कंपनीचा रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, रिचार्ज संपतोय म्हणून. निंगाक्कानं तिलाही विचारलं. ती बाई आपली एक दाबा, दोन दाबा करत राहिली. मी म्हणाले, "अक्का, ती माणूस नाही, मशीन आहे."

"मशीन कसं? दिसभर बोलायलीय बिचारी. कुणी पानी इचारत न्हाई." मग फोन कानाला लावूनच माझ्याकडं वळली. "तिचीबी हजेरी लागत नसंल."

इथं हजेरीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्या एका वहीची आहे. मिलच्या हजेरी बुकात आठ नावं होती, आठही पुरुषांची, मशीनवरची. निवडायला, पाखडायला, गोण्या शिवायला बत्तीस बायका. त्यांचं नाव कुठंच नाही. नाव नाही म्हणून पगाराला नियम नाही, सुट्टी नाही, बोनस नाही, विम्याचं कार्ड नाही. बायकांसाठी संडास पण नाही, कारण कागदावर तिथं बायकाच नाहीत. पत्रक नाही हे, सरळ सांगते. एकोणीस वर्षं निंगाक्का त्या धुळीत बसली होती आणि कायद्याच्या नजरेनं ती जागा रिकामी होती.

तिला खोकला धरला तेव्हा ती विम्याच्या दवाखान्यात गेली. खिडकीतल्या माणसानं यादी बघितली आणि म्हणाला, तुम्ही कुठंच कामाला नाही. परत येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. एरवी तिच्या तोंडाला खळ नसायचा, त्या दिवशी एवढंच बोलली.

"तंगी, तू शिकलेली हायेस. म्या हाय का न्हाई, ते एकदा बघून सांग."

मी तिला शोषण म्हणजे काय ते समजावायला लागले. तिनं हात वर केला. "ते मागून बघू. आदी त्या बुकात माजं नाव पायजे. बाकीच्या एकतिसांचं पायजे. मग तुझं ते शोषण-बिषण काय असंल ते आन."

निंगाक्काचा एकच कायदा होता. माणूस जे बोलला ते बोलला. त्यात अर्थ, उद्देश, तोंडदेखलेपण, काही नाही. कुणी सहज म्हणालं की ये कधी घरी, की ही दुसऱ्या दिवशी दारात. "सोताच्या तोंडानं बोललास न्हवं? मग." या 'मग'पुढं काही चालत नसे. या कायद्याचा पहिला बळी मी.

झालं असं. मी भाड्याच्या ऑटोवर भोंगा बांधून जेवणाच्या सुट्टीत गेटसमोर भाषण केलं. भोंग्याला दमा होता. मी घसा फोडून सांगितलं की किमान वेतन हा तुमचा हक्क आहे, किमान वेतन उद्यापासून मिळालंच पाहिजे. बायका शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, जागृती झाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या बसनं उतरले तर मिल बंद. हायवेपासून गावात वळतो त्या रस्त्यावर सावकारानं वडलांच्या नावानं सिमेंटची कमान बांधली आहे. त्या कमानीखाली बत्तीस बायका रांगेत उभ्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी. हैदराबादला जायचे दोन ट्रक रिकामे थांबलेले, आणि दिवाणजी मोटरसायकलवरून न उतरताच ओरडत होता, "काय पायजे काय तुमाला?"

"कमान वेतन," निंगाक्का म्हणाली.

"कुनी सांगितलं?"

"काल गाडीत बोलले की. सरकारचं हाय. कमानीपाशी देनारेत."

दिवाणजीनं ते अर्धवट ऐकून सावकाराला फोन लावला आणि सांगितलं की संप झाला. मी आयुष्यात पहिला संप बघत होते आणि तो मी केला होता, फक्त मला माहीत नव्हतं. मी ताबडतोब घोषणा द्यायला सुरुवात केली. निंगाक्कानं माझा दंड धरून हळूच विचारलं, "तंगी, वाटप कवा हाय?"

मी तिला बाजूला नेऊन सांगितलं की अक्का, कमान नाही, किमान. किमान म्हणजे कमीत कमी.

ती विचारात पडली. "कमीत कमी व्हय? मग ते तर मिळायलंय की आमाला. ह्याच्यापक्षा कमी कुठं हाय?"

ती परत रांगेत जाऊन उभी राहिली. मी म्हणाले, आता कशाला उभी राहतेस? तर म्हणाली, "हुभारलोय तर हुभारू. सावली हाय. मिलमधी कुठं सावलीत निवांत हुभारायला मिळतंय."

अकरा वाजता सावकार स्वतः गाडीतून आला. मल्लिकार्जुन सावकार. चाळिशीचा, गोरा, घामट माणूस. बोलण्यात साखर एवढी की ऐकणाऱ्यानं तपासून घ्यावं. त्यानं कमानीखाली उभं राहून हात जोडले.

"अक्का, तुमी कामगार म्हनून कामून हुभारलाव? तुमी कामगार हाव का? तुमी माज्या घरची मानसं हाव. मला सख्खी भैन न्हाई. निंगाक्का, तूच माजी अक्का. आता घरच्या मानसाची कुनी हजेरी घेतंय का? आईची हजेरी घेतंय का कुनी?"

दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. माझ्या अंगाची आग झाली. हा डाव मी ओळखते. या एका वाक्यावर आपल्या मुलखातल्या किती मिली, किती दुकानं, किती शाळासुद्धा चालतात. माणसाला घरचं म्हणायचं आणि मग घरच्यासारखं फुकट राबवायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात निंगाक्कानं विचारलं, "सोताच्या तोंडानं बोललाव न्हवं?"

"व्हय की."

"समद्याच घरच्या का म्या एकलीच?"

"समद्याच, अक्का. समद्याच."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून मिलकडं चालायला लागली. एकतीस जणी मागं. मी वहीत लिहिलं, 'लढ्याचा दारुण पराभव'. ती वही अजून माझ्याकडं आहे. ते पान मी फाडलेलं नाही, माझ्या अकलेची नोंद म्हणून ठेवलंय.

कारण त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत निंगाक्कानं आपला डबा उघडलाच नाही. मिलला लागूनच सावकाराचं दुमजली घर आहे. ती पुढच्या दारानं आत गेली, पाय धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाट मांडून बसली. सावकाराची बायको तेव्हा पोटुशी होती. ती भांबावून उभी राहिली.

"वैनी, तू बस. दोन जिवाची हायेस. भाकरी कुठं ठेवलीस तेवढं सांग, म्या घेते."

सावकाराची आई, थोरल्या अव्वा, कोपऱ्यात जप करत बसलेल्या. त्यांना कमी ऐकू यायचं आणि बोलायला कुणी नव्हतं. निंगाक्कानं त्यांना विचारलं, अव्वा, जेवलाव का? गेल्या कित्येक दिवसांत त्या घरात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. अव्वांनी माळ बाजूला ठेवली आणि पक्ष बदलला.

दुसऱ्या दिवशी निंगाक्का दोन बायका घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी त्या नव्हत्या, दुसऱ्या दोघी होत्या. तिनं पाळ्याच लावल्या. मालकाच्या घरी जेवायची रोजची पाळी. ताटातली डाळ बघून तिनं चष्म्याच्या काचेचा डोळा बारीक केला. "ही आपल्या मिलची न्हाई. मल्लू, तू दुसऱ्याची डाळ खायलास?" सावकार परमुलखातली पाकिटातली डाळ खातो, ही बातमी संध्याकाळपर्यंत मन्नाएखेळ्ळीच्या बसस्टँडवर पोचली होती.

हो, मल्लू. कमानीखालच्या त्या भाषणाच्या मिनिटापासून सावकाराचा मल्लू झाला आणि तुमीचं तू झालं. धाकट्या भावाला कुणी अहो-जाहो करतंय का? हैदराबादचा व्यापारी भाव ठरवायला आला, तर ही गोणी शिवता शिवता मधेच म्हणाली, "मल्लू, खोटं बोलू नको रे. मागल्या ट्रकात माती व्हती, म्या सोता बघितलीय." व्यापाऱ्यानं भाव पाडला. सावकारानं दात आवळून विचारलं, अक्का, तुमी मधी कशाला बोलता? ती म्हणाली, "भाऊ चुकायला लागला तर भैनीनं गप बसावं का?"

मोरीला कडी लावायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. निंगाक्का बाहेरून दार वाजवून विचारायची, "मल्लू, पोट बरं न्हाई का? ओवा देऊ?"

मी तिला म्हणाले, अक्का, हे सगळं ठीक आहे, पण नावाचं काय? ती म्हणाली, "येळवस येऊ दे."

आमच्या भागात येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर. ज्याचं शेत त्यानं ओळखीच्या समद्यांना जेवायला बोलवायचं. सावकार त्या दिवशी अधिकारी आणि व्यापारी बोलवतो. त्या वर्षी कामगार खात्यातले एक साहेब आले होते. बदलून नवीनच आलेले, त्यांना खूश करायचा बेत होता. सतरंजी अंथरलेली, साहेब मधोमध, आणि बांधावरून डोक्याला पदर घेतलेली रांग आली. पुढं निंगाक्का, मागं एकतीस जणी, सगळ्यात मागं मी, बगलेत पत्रकं.

त्या सरळ पहिल्या पंगतीला बसल्या. सावकाराच्या हातातली आंबिलीची कळशी तशीच राहिली.

साहेबांनी विचारलं, "ह्या कामावरच्या बायका का, सावकार?"

आता बघा. हो म्हणावं तर बत्तीस कामगार साहेबांसमोर मांडी घालून बसलेत आणि बुकात नाव एकीचं नाही. सावकाराच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसला.

"छे छे, सायब. घरच्याच हायेत समद्या."

"बत्तीस?"

"मोठं घरानं हाय आमचं."

साहेब भज्जी खाता खाता निवांत होते. "ह्या कोण?"

"ही माजी अक्का. सख्खी."

"आणि त्या?"

"ती काकू. पलीकडली मावशी. तिच्या बाजूची... तीबी मावशीच."

"आणि ती?" साहेबांचं बोट रेश्मावर थांबलं. रेश्मा बावीस वर्षांची, काळ्या बुरख्यात, सगळ्यात धाकटी. सावकाराची नाती संपली होती.

"ती," सावकार म्हणाला, "ती आजी लागतीय. नात्यानं."

रेश्माला ठसका लागला. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, सावकाराकडं बघितलं, आणि भज्जीचा पुढचा घास घेतला. "मोठं मन आहे तुमचं," ते म्हणाले. ते भोळे होते की पोचलेले, हे मला अजून कळलेलं नाही.

निंगाक्का उठून त्यांच्या ताटात वाढायला गेली. "सायब, जेवलाव का नीट?"

"जेवलो, अक्का. सावकार, वहिनींचे दिवस भरत आलेत ना? मग बारशाला आत्या ह्याच."

सावकार हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता. निंगाक्कानं साहेबांना विचारलं, "सोताच्या तोंडानं बोललाव न्हवं?"

"बोललो की."

"मग," निंगाक्का म्हणाली.

मुलगी झाली. तेराव्या दिवशी बारसं. सावकारानं निंगाक्काला बोलावलं नसतं, पण साहेबांनी फोन करून सांगितलं होतं की मी येतोय, आत्या येणार ना. शिवाय थोरल्या अव्वा म्हणाल्या होत्या की ती नसंल तर मीबी पाळण्यापाशी यायची न्हाई. निंगाक्का आली. घरच्या माणसांना वेगळं निमंत्रण लागत नाही म्हणून एकतीस जणीही आल्या. मी नवीन पत्रक घेऊन आले होते. ते पहिल्यांदाच संपूर्ण वाटलं गेलं. घुगऱ्या द्यायला कागद कमी पडले होते.

आत्याचा मान म्हणून सावकाराच्या बायकोनं निंगाक्काला इरकल लुगडं दिलं. डाळिंबी रंगाचं, रुंद काठाचं. त्या बाईनं मनापासून दिलं होतं, हे मला सांगायचं आहे. निंगाक्कानं ते मांडीवर घेतलं आणि काठावरून हात फिरवत बसली. एकदा तिनं मला सांगितलं होतं की इरकल तिनं लोकांच्या अंगावर लई बघितलंय, स्वतःच्या अंगावर कधी पडलं नाही.

पाळणा सजलेला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्र म्हणायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. बायकांचे हात तयार. निंगाक्का वाकली. आणि ती तशीच सरळ झाली.

"मल्लू, हिचं कागदावर झालं का?"

"झालं की अक्का. जन्माची नोंद झालीय. नाव तेवढं घालायचं ऱ्हायलंय. तू सांग, म्हंजी घालतो."

"किती दिसाची झाली?"

"तेरा."

"तेरा दिसाचं लेकरू कागदावर हाय," निंगाक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता, घुगऱ्या मागाव्यात तसा आवाज. "एकोणीस सालाची आत्या न्हाई. जिचं सोताचंच नाव कुठं न्हाई, तिनं दुसऱ्याला काय नाव सांगावं? बुक आन. आदी आमचं बारसं कर, मग हिचं."

सावकारानं साहेबांकडं बघितलं. "घरच्याच हायेत सायब, ते... मदतीला म्हनून मिलवर येतेत."

"घरच्यांनी कामाला येऊ नये असा कायदा नाही," साहेब घुगऱ्या निवडत म्हणाले. "पण आले तर नाव लिहावं लागतं."

बाळ रडायला लागलं. थोरल्या अव्वांना बाकी काही ऐकू आलं नसलं तरी ते आलं. "लिही की रे मल्लू. लेकरू रडायलंय."

दिवाणजी धावत मिलकडं गेला आणि धापा टाकत बुक घेऊन आला. पाळण्याशेजारी पाट मांडून बसला. आणि मग जे झालं ते कुठल्या संघटनेच्या इतिहासात असेल तर मला दाखवा. निंगाक्का एकेकीचं नाव सांगायची, दिवाणजी ते कानडीत लिहायचा, आणि नाव लिहून झालं की सगळ्या बायका कुर्र करून तिच्या पाठीत धपाटा घालायच्या. महादेवी. कुर्र. काशम्मा. कुर्र. आठव्या नावाला एक धपाटा चुकून दिवाणजीला बसला. पंधराव्याला बसला तो चुकून नव्हता. रेश्माची पाळी आली तेव्हा दिवाणजीनं वर न बघता विचारलं, "आजीचं पूर्ण नाव काय?" आणि अख्खं घर हसलं, सावकारसुद्धा, क्षणभर. तोवर बाळ झोपून गेलं होतं.

एकतीस झाली. दिवाणजीनं पेनाला टोपण लावायला घेतलं.

"आता माजं," निंगाक्का म्हणाली.

सावकार सावरला होता. त्याचा हसरा, साखरेचा आवाज परत आला. "तुजं कसं लिहू, अक्का? एकतीस लिहिलो, न्हाई म्हनलो का? पन तू सख्खी भैन. सायबाच्या म्होरं सांगितलोय. भैनीला कुनी नोकर म्हनून लिहितंय का? तुला काय कमी हाय? इरकल बघ किती छान दिसायलंय."

साहेबांनी पुढची घुगरी तोंडात टाकली. मी बोलायला उठले, बगलेत हात घातला, तर पत्रकं संपलेली. बोललेल्या शब्दाला धरून बसायचा तिचाच कायदा तिच्यावर उलटला होता. तिला बुकाबाहेर ठेवायला त्याला तेवढी एकच वाट सापडली होती.

निंगाक्का थोडा वेळ मांडीवरच्या लुगड्याकडं बघत राहिली. मग पाळण्यात वाकली. झोपलेल्या बाळाच्या कानाला लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती. कुर्र म्हणाली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, ते तिनं सगळे मोजून घेतल्यासारखे घेतले. उठली. इरकलाची घडी नीट केली, काठाला काठ लावला, आणि ते सावकाराच्या हातात ठेवलं.

"हे घ्या सावकार. भैनीचं लुगडं परत. लेकराची आत्या झाले, काम झालं. उद्यापून मिलवर येती ती निंगाक्का न्हाई, निंगम्मा." मल्लूचा परत सावकार झाला होता आणि तूचं तुमी. "बोला त्याला, लिही म्हनावं."

दिवाणजीनं सावकाराकडं बघितलं. सावकारानं हातातल्या लुगड्याकडं बघितलं. त्याची बायको पाळण्याची दोरी धरून उभी होती, तीच म्हणाली, "लिवा."

बाहेर आल्यावर मी निंगाक्काला विचारलं, बाळाच्या कानात एवढं काय सांगितलंस? घरच्यांनी ठरवलेलं नाव तरी सांगितलंस ना?

"ते बी सांगितले."

"आणि?"

"इचारले, जेवलीस का म्हनून."

पगार अजून नियमाला पोचलेला नाही, संडासाच्या चार भिंती झाल्यात आणि दार यायचं आहे. त्यावर माझं पत्रक छापायला गेलंय, ते कुणी घाबरून वाचणार नाही. विम्याचं कार्ड मात्र आलं. निंगाक्कानं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि ती खड्यांच्या डब्यात ठेवलीय, दीडशे सावकारांच्या खाली.

मागच्या आठवड्यात मी सकाळच्या बसनं बीदरकडं निघाले होते. मिलच्या गेटसमोर एक ट्रक आडवा झाला आणि बस थांबली. खिडकीतून आतलं अंगण दिसत होतं. बत्तीस बायका रांगेत, समोर दिवाणजी बुक धरून हजेरी घेत होता. निंगाक्का रांगेच्या शेवटी, चष्म्याची एक काच उन्हाला चमकत होती.

"निंगम्मा गंड शरणप्पा," दिवाणजीनं पुकारलं. कानडीत गंड म्हणजे नवरा; इकडं कागदावर बाईचं नाव असंच असतं, नवऱ्यासकट.

"आयकू आलं न्हाई."

"निंगम्मा गंड शरणप्पा."

तिनं कानामागं हात धरला. चाळणीतला खडा न बघता सांगणारी बाई. "जरा जोरानं म्हन की. सकाळी जेवला न्हाईस का?"

दिवाणजीनं छाती भरून घेतली आणि असं ओरडला की आमच्या ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. ट्रक बाजूला झाला, बस सुटली. निंगाक्का अजून घाईत नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, रांगेतून एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "हाय."